पानामागचं मॅटर

‘वऱ्हाड’ हा शब्द टाइप करून पाहा. व आणि हा यांच्या मधोमध र ची ती आडवी, वळलेली छोटी रेघ उमटली, तर तुमचा फॉन्ट, तुमचा कळफलक आणि तुम्ही, तिघंही ठीक आहात. ह च्या डोक्यावर रफार चढून ‘वर्हाड’ झालं, तर तिघांपैकी कुणाचं तरी चुकलंय. विदर्भावर मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला हा शब्द टाळता येत नाही. वऱ्हाडी बोली असो, सिंचन असो की कापसाचा बाजार, तो पहिल्याच प्रकरणात हजर होतो. आणि एकदा चुकला की शेवटच्या पानापर्यंत चुकत जातो.

नागपुरात हे दुखणं जाऊन पोचतं ते डीटीपीवाल्याकडे. सीताबर्डीच्या गल्ल्यांत, महालात, विद्यापीठाच्या आजूबाजूला अशी दुकानं आहेत. एक-दोन कंप्युटर, एक लेझर प्रिंटर, शेजारी स्पायरल बाइंडिंगचं यंत्र. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की तिथे एकच भाषा ऐकू येते: ‘भाऊ, मॅटर सरकलं’, ‘फॉन्ट उडाला’, ‘चित्र पुढच्या पानावर गेलं’. आणि त्यामागोमाग हमखास येणारं वाक्य: ‘काहून असं झालं बाप्पा, काल तर बरोबर होतं न!’

काल बरोबर होतं, हे खरंच असतं. पण काल जे बरोबर होतं ते फक्त दिसायला. पानावर दिसतं ते एक आणि फाइलमध्ये साठवलेलं असतं ते दुसरं. या दोहोंत फारकत झाली की मांडणीच्या बहुतेक अडचणी जन्माला येतात. ही फारकत आपण इतकी सहज का चालवून घेतो, याचं उत्तर कंप्युटरच्याही आधीच्या काळात आहे.

खिळ्यांचा वारसा

शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात ही फारकत नव्हतीच. जुळारी केसमधून खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, ओळ भरली की गॅलीत उतरवायचा. जे जुळलं तेच छापलं जायचं. जागा उरली तर कोरा तुकडा घालायचा, ओळींत अंतर हवं तर शिशाची पट्टी सरकवायची. पान हाताने ठोकूनठाकून बसवणं हीच त्या धंद्यातली कारागिरी होती आणि त्या कारागिरीला मान होता.

देवनागरीची अडचण वेगळी होती: खिळे फार लागायचे. रोमन लिपीला मोठी-छोटी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं धरून एका केसमध्ये भागतं. आपल्याकडे प्रत्येक व्यंजन, त्याचं अर्धं रूप, जोडाक्षरं, वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांचा हिशेब शेकड्यांत जायचा. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने याच लिपीचे इतके देखणे खिळे पाडले की संस्कृतचे अभ्यासक देशभरातून ते ग्रंथ मागवत. पण देखणेपणाला वेळ लागायचा आणि वर्तमानपत्राकडे वेळ नसतो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणायचा खटाटोप केला. पुढे १९३०च्या दशकात हरि गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये मर्गेन्थॅलर कंपनीच्या लायनोटाइपवर देवनागरी बसवली. त्या यंत्राच्या कळफलकावर कळा होत्या नव्वद. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी (इ-ई ऐवजी अि-अी) सुचवली. १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेऊन पाहिली. लोकांना ती पचली नाही आणि काही वर्षांत मागे घ्यावी लागली. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ साली काढला. या सगळ्या धडपडीचा हिशेब मांडायचा तर त्याच्याकडेच वळावं लागतं.

या सगळ्या सुधारणांचं तर्कशास्त्र एकच होतं: यंत्र अडतंय, तर लिपीने आवरतं घ्यावं.

नागपूरकडे या काळात छपाईचं काम थोडंथोडकं नव्हतं. १९५६पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्यकारभार दुभाषी होता, हिंदी आणि मराठी. ‘हितवाद’ हे वर्तमानपत्र इथे १९११पासून, विद्यापीठ १९२३पासून. डॉ. रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन इथे आले आणि प्रशासकीय व शैक्षणिक शब्दांचा त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५मध्ये नागपुरातूनच निघाला. कोश म्हणजे मांडणीची कसोटी. दोन लिप्या, तीन-चार जाडीचे टाइप, अरुंद स्तंभ, आणि एक शब्द वाढला की पुढचा सगळा स्तंभ सरकणार.

त्याहून अवघड उदाहरणही या शहराशी नातं सांगणारं आहे. नागपूरचे वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन आणि भाषणं १९७९पासून खंडशः प्रकाशित करायला सुरुवात केली. १९९८ साली आलेल्या सोळाव्या खंडात बाबासाहेबांनी केलेलं पाली व्याकरण आणि पाली कोश आहे. त्यातल्या एका भागात पाली शब्दाला इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी असे चार भाषांतले अर्थ आहेत. म्हणजे एका नोंदीत तीन लिप्या. हा खंड दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या गर्दीत हाती घेणाऱ्याने एकदा नुसती पानाची घडण पाहावी. प्रत्येक लिपीची उंची वेगळी, शिरोरेषा एकीला आहे आणि दुसरीला नाही, तरीही ओळ एकच दिसायला हवी.

फॉन्ट उडाला म्हणजे काय झालं?

कंप्युटर आला आणि जुळारी डीटीपी ऑपरेटर झाला, पण सवय खिळ्यांचीच राहिली. याला कारणही तसंच होतं. कृतिदेव, आकृती, श्रीलिपी अशा त्या पिढीच्या फॉन्टांनी कंप्युटरच्या आत खिळ्यांची केसच मांडून ठेवली होती. रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. कृतिदेवमध्ये ‘राम’ असं दिसतं, तेव्हा कंप्युटरने साठवलेली असतात रोमनमधली ‘जे’, ‘के’, ‘ई’ ही तीन अक्षरं. जे च्या जागी र चं चित्र, के च्या जागी कान्याचं, ई च्या जागी म चं. कंप्युटरला राम ठाऊकच नसतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यालाच दुकानात म्हणतात, फॉन्ट उडाला.

युनिकोडने हा हिशेब उलटा केला. १९९१मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. त्यात साठवला जातो तो वर्ण. त्याचं रूप काय दिसावं हे फॉन्ट ठरवतो. ‘कि’मध्ये आधी क साठवला जातो, मग वेलांटी. छापताना वेलांटी डावीकडे न्यायचं काम फॉन्टमधले नियम आणि ते नियम वाचणारं सॉफ्टवेअर करतं. जोडाक्षरांचंही तेच. टिळकांना दोनशे खिळ्यांत बसवावी लागलेली लिपी आज एका फॉन्टमध्ये हवी तेवढी रूपं घेऊन नांदू शकते. लिपीने यंत्रासाठी वाकायची वेळ संपली.

आता ‘वऱ्हाड’कडे वळू. इथला र साधा र नाही. युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ वेगळा आहे. ऱ, हलन्त, ह असा क्रम दिला की ती आडवी रेघ उमटते. साधा र दिला तर रफारच येणार, आणि त्यात फॉन्टचा काडीचा दोष नसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळेवर शिफ्ट दाबलं की ऱ मिळतो. हे माहीत नसलेला टंकलेखक एखाद्या जुन्या फाइलीतून ते अक्षर कॉपी करून आणतो, ते कधी दुसऱ्या फॉन्टचं निघतं, आणि त्या एका शब्दाने ओळीची उंची बदलते. हीच रेघ र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही काढता येते. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक सापडेल आणि दुसरा निसटेल. प्रबंधात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील तर सूचीत वऱ्हाड दोन ठिकाणी येईल.

ल आणि श यांचंही असंच आहे. विंडोजबरोबर आलेल्या ‘मंगल’ने घराघरात देवनागरी पोचवली. तो रचणारे रा. कृ. जोशी मराठी, पण त्या फॉन्टमधले ल आणि श हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले. आज चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी रूपं आपोआप येतात. नागपुरात एकाच दुकानात सकाळी हिंदी पत्रिका आणि दुपारी मराठी प्रबंध होतो. तिथे भाषेची ही एक खूण बदलायची राहिली की सगळा प्रबंध हिंदी वळणाचा छापून येतो.

पान मोडतं कुठे?

अक्षर झालं, आता पान. मांडणी बिघडण्याच्या तऱ्हा मोजक्याच असतात.

एक म्हणजे एंटर मारत बसण्याची. नवं प्रकरण नव्या पानावर हवं म्हणून अकरा वेळा एंटर. मागच्या प्रकरणात गाइडनी दोन ओळी वाढवायला सांगितल्या की शीर्षक पानाच्या मध्यावर येतं. स्पेस मारून रकाने जुळवण्याचं तसंच. प्रिंटर बदलला की रकाने नागमोडी होतात. वर्डमध्ये यावर इलाज आहे आणि तो जुनाच आहे: पेज ब्रेक, टॅब आणि मुख्य म्हणजे स्टाइल. ‘हे प्रकरणाचं शीर्षक आहे’ असं एकदा सांगितलं की त्याचा आकार, वरची जागा, नवं पान, अनुक्रमणिकेतली नोंद, सगळं त्या एका सांगण्यावर चालतं. पण शीर्षक ठळक करून, आकार अठरा करून मधोमध आणलं तर वर्डच्या लेखी ते शीर्षक नसतं, नुसता एक जाडजूड परिच्छेद असतो. मग अनुक्रमणिका हाताने टाइप करावी लागते आणि पानांचे आकडे शेवटच्या रात्रीपर्यंत चुकत राहतात.

हेच तत्त्व टोकाला नेणारी व्यवस्था म्हणजे टेक् आणि त्यावर उभं असलेलं लाटेक्. तिची कूळकथाही मांडणीवरच्या रागातूनच सुरू होते. डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. १९७७ साली मुद्रितं हाती आली. खिळ्यांऐवजी फोटोटाइपसेटिंगवर जुळवलेलं गणित त्यांना इतकं कुरूप वाटलं की आपणच अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहावं असं त्यांनी ठरवलं. एका सुट्टीचं काम म्हणून घेतलेलं ते दहा वर्षं पुरलं. टेक्‌मध्ये चूक दाखवणाऱ्यासाठी त्यांनी ठेवलेलं बक्षीस वाढत वाढत ३२७.६८ डॉलरपर्यंत गेलं. टेक्‌च्या आवृत्तीचा आकडा पाय या संख्येकडे सरकतो, प्रत्येक दुरुस्तीला एक अंक वाढतो. २०२१मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर लाटेक् रचलं आणि लेखकाला ‘प्रकरण’, ‘चित्र’, ‘तळटीप’ अशा आज्ञांत लिहिता येऊ लागलं. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या आवारात गणिताचा विद्यार्थी ज्या फाइलवर डोळे लावून बसतो, ती अशी आज्ञांची असते. पान दिसतं ते नंतर.

लाटेक्‌मध्ये देवनागरी नवी नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९०च्या सुमारासच देवनागरी टाइप आणि त्याचं पूर्वसंस्करण करणारा प्रोग्राम तयार केला होता. तेव्हा मजकूर रोमनमध्ये लिहावा लागे. २००४मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक् आलं आणि थेट युनिकोड देवनागरी देता येऊ लागली. पुढे आयआयटी मुंबईत ‘शोभिका’ हा फॉन्ट तयार झाला. मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, मराठीतून लिहिलेली मार्गदर्शिका आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेक्‌चे धडे आहेत. साधनं आता आहेत. अडतं ते त्यांच्या नियमांची ओळख नसल्यामुळे.

लाटेक् नव्याने शिकणाऱ्याला भेटणारी पहिली अडचण: जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. कारण बहुधा एकच. फॉन्टचं नाव दिलेलं असतं, पण लिपी देवनागरी आहे हे सांगायचं राहिलेलं असतं. ते सांगितल्याशिवाय फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम जागेच होत नाहीत. लाटेक्‌चं लुआलाटेक् हे रूप वापरत असाल तर अक्षरं घडवण्याचं काम हार्फबझ या इंजिनाकडे सोपवावं, तेही एका शब्दाचं काम आहे.

दुसरी: ओळींमधलं अंतर कमीजास्त दिसतं. टेक् प्रत्येक ओळीची खरी उंची मोजतं. ‘र्कीं’सारखं वर चढलेलं अक्षर आणि वरच्या ओळीत खाली उतरलेलं ‘ट्रू’ एकमेकांजवळ आलं की ते ठरलेलं अंतर सोडून थोडी जागा वाढवतं. रोमन लिपीत अशी गाठ क्वचित पडते, आपल्याकडे वारंवार. त्या एका परिच्छेदात जागा कमी करून उपयोग नाही. सगळ्या प्रबंधाचं ओळ-अंतर सुरुवातीलाच देवनागरीला पुरेसं द्यावं, आणि मधले इंग्रजी शब्द ज्या फॉन्टमध्ये आहेत त्याचा आकार देवनागरीशी जुळवून घ्यावा.

तिसरी: ओळ समासाबाहेर डोकावते. लॉगमध्ये ‘ओव्हरफुल’ अशी तक्रार येते आणि विद्यार्थी तिकडे बघत नाही. १९८१मध्ये क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी प्रसिद्ध केलेली टेक्‌ची रीत अशी की ते एकेक ओळ भरत न जाता सगळा परिच्छेद एकदम तोलतं. शब्दांमधल्या जागा विरळ किंवा दाट होणं ही किंमत धरून कमीत कमी किमतीचा मार्ग काढतं. पण शब्द कुठे तोडायचा हेच माहीत नसेल तर ‘विद्यापीठीयशिक्षणव्यवस्थेतील’सारखा लांबलचक समास त्याला अडवतो. मराठीसाठी शब्द तोडण्याचे नियम उपलब्ध आहेत. भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ते लागू होतात. एवढ्यानंतरही एखादी ओळ बाहेर राहिलीच तर वाक्य बदलावं. छापखान्यातले जुने मुद्रितशोधक लेखकाला हेच सुचवायचे.

चौथी, आणि सर्वांत जास्त शिव्या खाणारी: चित्र पळतं. गोसीखुर्द धरणाचा नकाशा जिथे हवा तिथे न येता प्रकरणाच्या शेवटी, मागे आणखी सहा चित्रं घेऊन येतो. यामागचा नियम साधा आहे. नेहमीच्या मांडणीत पानाच्या वरच्या भागात चित्रांना सत्तर टक्क्यांपर्यंत जागा मिळते, पानावर किमान वीस टक्के मजकूर हवा असतो आणि एका पानावर तीनपेक्षा जास्त चित्रं येत नाहीत. एखादं चित्र सत्तर टक्क्यांहून उंच असेल आणि त्याला स्वतंत्र पान घ्यायची परवानगी दिली नसेल, तर ते कुठेच बसत नाही. आणि चित्रांचा क्रम मोडायचा नसल्यामुळे मागची सगळी त्याच्यापाठी रांगेत उभी राहतात. त्या एका चित्राची उंची कमी करा, किंवा त्याला पान द्या, रांग सुटते. ‘इथेच’ असा हट्ट प्रत्येक चित्रापाशी धरला तर पानांच्या तळाशी कोरे पट्टे पडतात. त्यापेक्षा मजकुरात ‘खालील नकाशा’ लिहिण्याऐवजी ‘नकाशा ३.२’ लिहावं. मग नकाशा कुठेही गेला तरी वाचक त्याच्यापर्यंत पोचतो.

पाचवी सूचीची. इंग्रजीसाठी केलेला सूची-प्रोग्राम देवनागरीचा अकारविल्हे क्रम जाणत नाही. मराठीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोड जाणणारा सूची-प्रोग्राम निवडून त्याला मराठीचा क्रम द्यावा लागतो. लीळाचरित्राची संहिता सिद्ध करणारे वि. भि. कोलते १९६६ ते ७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या परंपरेत प्राचीन ग्रंथाचं संपादन करू पाहणाऱ्याला ओळींचे क्रमांक, त्या ओळींना बांधलेले पाठभेद आणि शब्दसूची असं सगळं लागतं. हाताने हे करायला एक हयात जाते. नियम सांगून केलं तर संहितेत एक ओळ वाढल्यावर पुढचे सगळे क्रमांक स्वतःच बदलतात.

दोष शोधायची रीत

यातलं काहीच आठवलं नाही आणि रात्री दोनला फाइल अडली, तर एक रीत कामाला येते. फाइलीची प्रत काढा. अर्धा मजकूर उडवा. दोष उरला का? उरला तर तो या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या. पुन्हा अर्धा. तीनशे पानांचा प्रबंध असला तरी नऊ वेळा अर्धा केला की दोष एका पानात सापडतो. मग त्या पानातूनही दोषाशी संबंध नसलेलं सगळं काढत जा, चार-सहा ओळी उरेपर्यंत. या वाटेवरच बहुतेक वेळा कारण समोर येतं. नाही आलं तरी जाणकारापुढे ठेवायला नेमका प्रश्न तयार होतो. अख्खी फाइल पुढे टाकून ‘जरा बघा न, सर’ म्हटलं तर कुणीच बघत नाही. वर्ड असो, इनडिझाइन असो की लाटेक्, रीत तीच. तिला कंप्युटरचं ज्ञान कमी आणि चिकाटी जास्त लागते.

यातलाच दुसरा अर्धा भाग असा: सापडलेला दोष जिथे दिसला तिथे बुजवू नये. ‘वर्हाड’ एका ठिकाणी चुकीचं दिसलं तर तो शब्द सगळ्या फाइलीत शोधून बदलावा. एका तक्त्याची रुंदी हाताने कमी करावीशी वाटली तर सगळ्या तक्त्यांच्या नियमातच ती करावी. हाताने बुजवलेली प्रत्येक जागा पुढच्या दुरुस्तीला पुन्हा उघडी पडते.

पुढे वाचणार कोण?

पान देखणं छापलं की झालं, असं म्हणायचे दिवस गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आलं, आणि ‘शोधगंगा’च्या भांडारात देशभरचे प्रबंध जमा होऊ लागले. कृतिदेवमध्ये बांधलेला मराठी प्रबंध तिथे गेला की त्याची पानं दिसतात, पण आतला मजकूर कंप्युटरच्या लेखी रोमन कचरा असतो. वऱ्हाडावर काम करणारा पुढचा संशोधक ‘वऱ्हाड’ शोधील तेव्हा त्याला तो प्रबंध सापडणार नाही. युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही वेलांट्या निखळलेला मजकूर बाहेर येऊ शकतो. झीटेक्‌मध्ये मूळ मजकूर पीडीएफमध्ये सोबत ठेवण्यासाठी एक आज्ञा आहे, ती फार थोडे लोक देतात. अंध वाचकाचं वाचनयंत्र जे वाचतं तेही पानामागचंच असतं.

जानेवारी २०२३मध्ये नागपूर विद्यापीठाने भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८वं अधिवेशन भरवलं, आणि त्याच वर्षी विद्यापीठाने शंभरी पूर्ण केली. पुढच्या शंभर वर्षांसाठी मागणं छोटं आहे. विदर्भातल्या प्रत्येक विद्यापीठाने प्रबंधाचा तयार साचा द्यावा, वर्डमध्ये एक आणि लाटेक्‌मध्ये एक. त्यात स्टाइल, समास, मराठी भाषेची खूण आणि एक मुक्त युनिकोड फॉन्ट आधीच बसवलेला असावा. पीडीएफ स्वीकारताना त्यातून एक परिच्छेद कॉपी करून पाहावा. मराठी बाहेर आलं नाही तर प्रबंध परत करावा. आणि संशोधकाने पहिलं वाक्य लिहायच्या आधी एक दिवस साच्याला द्यावा. शेवटच्या आठवड्यात डीटीपीवाल्या भाऊपुढे बसण्यापेक्षा तो एक दिवस नक्कीच स्वस्त पडतो.